शनेल नं. ५

शनेल नं. ५ (मराठीत ‘चॅनेल नं. ५’ असेही लिहिले जाते) हे पॅरिसच्या शनेल या फॅशनगृहाने इ.स. १९२१ मध्ये विक्रीस आणलेले स्त्रियांचे परफ्यूम आहे. फॅशनकार गाब्रिएल ऊर्फ कोको शनेल (१८८३–१९७१) यांच्यासाठी ते मॉस्कोत जन्मलेले सुगंधकार एर्नेस्ट बो (१८८१–१९६१) यांनी तयार केले. सुगंधांच्या वर्गीकरणात ते ‘अल्डिहाइडयुक्त पुष्पगंध’ या गटात मोडते. या गटातील ते पहिले परफ्यूम नव्हे. मात्र गटाची ओळख ज्यावरून ठरते असे प्रमाण उदाहरण तेच मानले जाते. एका शतकाहून अधिक काळ ते सलग उत्पादनात असून त्याच्या आकर्षणाचे श्रेय कधी रसायनशास्त्राला, कधी जाहिरातीला, तर कधी त्याच्या नावाभोवतीच्या आख्यायिकांना दिले जाते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातील सुगंधनिर्मिती ही मुख्यतः फुले, लाकूड, राळ आणि प्राणिज पदार्थ यांच्या अर्कांवर अवलंबून होती. इ.स. १८८२ मधील ‘फूजेर रॉयाल’ या हूबिगां कंपनीच्या परफ्यूममध्ये कुमारिन हे प्रयोगशाळेत बनवलेले द्रव्य वापरले गेले, तर १८८९ मधील गेर्लां कंपनीच्या ‘जिकी’मध्ये कुमारिनच्या जोडीला कृत्रिम व्हॅनिलिन आले. त्यानंतर सुगंधकाराला निसर्गातील गंधाची नक्कल करण्याऐवजी निसर्गात नसलेला गंध रचता येऊ लागला. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात एकाच फुलाच्या सुगंधांचे वर्चस्व होते. गुलाब, व्हायलेट, लायलॅक यांचे सौम्य गंध घरंदाज स्त्रियांसाठी, आणि कस्तुरी, जवादी व तीव्र चमेली यांचे भारी गंध रंगभूमीवरील किंवा समाजाने बदनाम ठरवलेल्या स्त्रियांसाठी, अशी अलिखित विभागणी होती. स्त्री कोणत्या वर्गातली हे तिच्या अंगाच्या वासावरून ताडले जाई. नं. ५चे नावीन्य समजून घेताना ही विभागणी ध्यानात ठेवावी लागते, कारण या परफ्यूममध्ये दोन्ही बाजूंचे गंध एकाच कुपीत आणलेले आहेत.

फॅशनकाराने परफ्यूम विकण्याची कल्पना शनेल यांची नव्हती. पोल प्वारे या फॅशनकाराने १९११ मध्येच सुगंधांचा व्यवसाय सुरू केला होता. परंतु त्याला त्याने स्वतःचे नव्हे तर आपल्या मुलीचे, रोझीनचे, नाव दिले होते. शनेल यांनी कपड्यांवरचे आपले नाव थेट कुपीवर छापले.

निर्मिती

एर्नेस्ट बो मॉस्कोतील ‘ए. राले आणि कंपनी’ या सुगंध व साबण बनवणाऱ्या कारखान्यात घडले. ही कंपनी १८९८ पासून फ्रान्समधील ग्रास येथील शिरी या कंपनीच्या मालकीची होती. बोरोदिनोच्या लढाईच्या शताब्दीनिमित्त १९१२ मध्ये त्यांनी काढलेले ‘बुके द नापोलेआँ’ लोकप्रिय झाले. पुढील वर्षी रोमानोव्ह घराण्याच्या तीनशे वर्षांच्या निमित्ताने त्यांनी ‘बुके द कातरीन’ तयार केले. त्याला अपेक्षित यश मिळाले नाही. मात्र नंतर ‘राले नं. १’ या नावाने विकला गेलेला हाच सुगंध नं. ५चा पूर्वज मानला जातो.

पहिले महायुद्ध आणि त्यामागोमाग आलेली रशियन क्रांती यांच्या काळात बो उत्तर रशियात लष्करी सेवेत होते. क्रांतीनंतर ते फ्रान्सला आले आणि कानजवळच्या ला बोका येथील प्रयोगशाळेत काम करू लागले. रशियाच्या राजघराण्यातील ग्रँड ड्यूक दिमित्री पावलोविच हे त्या सुमारास शनेल यांच्या निकटच्या वर्तुळात होते. त्यांच्यामार्फत १९२० मध्ये शनेल आणि बो यांची भेट झाली, असे सामान्यतः सांगितले जाते. बो यांनी शनेल यांच्यापुढे १ ते ५ आणि २० ते २४ अशा क्रमांकांचे दहा नमुने ठेवले. शनेल यांनी पाचवा निवडला आणि त्याचा क्रमांक हेच त्याचे नाव ठेवले. क्रमांक २२चा नमुनाही पुढे त्याच नावाने विक्रीस आला.

पाच हा अंक शनेल शुभ मानत. आपले कपड्यांचे संग्रह त्या पाचव्या महिन्याच्या पाच तारखेला सादर करीत आणि परफ्यूमही ५ मे १९२१ रोजी बाजारात आले, असे कंपनीच्या इतिहासात नोंदवले जाते. आई वारल्यावर त्यांचे बालपण ओबाझीन येथील जोगिणींच्या अनाथाश्रमात गेले. तेथील मठाच्या फरशीवर आणि खिडक्यांवर पाचाच्या आकृत्या दिसतात म्हणून या अंकाचे त्यांना आकर्षण होते, असे काही चरित्रकार सुचवतात. साबणाने धुतलेल्या कपड्यांच्या आणि घासलेल्या फरश्यांच्या वासाची त्यांची ओढही याच आश्रमाशी जोडली जाते. दुसरे अनुमान पहिल्यापेक्षा अधिक पटण्यासारखे आहे, कारण स्वच्छतेचा हा वास नं. ५मध्ये प्रत्यक्ष आहे. त्या काळी परफ्यूमला फुलांची, देशांची किंवा भावनांची अलंकारिक नावे देण्याची प्रथा होती. प्रयोगशाळेतील नमुन्यासारखा नुसता आकडा हे नाव म्हणून वापरल्यामुळे ग्राहकाला नावातून कोणतेही चित्र मिळत नव्हते. जे काही होते ते वासातच शोधावे लागत होते.

अल्डिहाइडे म्हणजे काय

रसायनशास्त्रात ज्या सेंद्रिय संयुगाच्या टोकाला एक कार्बन, एक हायड्रोजन आणि दुहेरी बंधाने जोडलेला एक ऑक्सिजन यांचा गट असतो त्याला अल्डिहाइड म्हणतात. स्वयंपाकघरातील अनेक परिचित वास याच कुळातले आहेत. दालचिनीचा वास सिनॅमाल्डिहाइडचा, जिऱ्याचा क्युमिनाल्डिहाइडचा, कडू बदामाचा बेंझाल्डिहाइडचा; व्हॅनिलिनही रचनेने अल्डिहाइडच होय. परंतु सुगंधकार ‘अल्डिहाइडे’ असे नुसते म्हणतात तेव्हा त्यांना ही द्रव्ये अभिप्रेत नसतात. त्यांच्या बोलीत हा शब्द मेदाम्लांशी नाते सांगणाऱ्या सरळ, लांब कार्बन-साखळीच्या अल्डिहाइडांसाठी राखलेला आहे, आणि साखळीत किती कार्बन अणू आहेत त्यावरून त्यांना सी-८, सी-१०, सी-१२ अशी नावे दिली जातात.

साखळी एकेका अणूने वाढते तसा वास सरकत जातो. आठ-नऊ कार्बनांच्या द्रव्यांत लिंबूवर्गीय फळांची तीक्ष्णता असते. दहा कार्बनांचे डेकॅनाल संत्र्याच्या सालीत नैसर्गिकरीत्या आढळते. अकरा-बाराच्या सुमारास मेणाचा, साबणाचा, नुकत्या विझवलेल्या मेणबत्तीचा किंवा गरम इस्त्री फिरवलेल्या सुती कापडाचा भास होऊ लागतो. ही द्रव्ये शुद्ध स्वरूपात हुंगली तर चरबट आणि उग्र लागतात; सौम्यता विरल प्रमाणातच प्रकटते. मराठी वाचकाला या कुळाचा सर्वांत जवळचा परिचय कोथिंबिरीतून असतो. कोथिंबिरीच्या पानांचा वास मुख्यतः डेकॅनाल आणि त्याच्या जवळच्या अल्डिहाइडांचा बनलेला असतो, आणि काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते ती याच द्रव्यांमुळे. घ्राणेंद्रियातील ग्राहकांच्या जनुकीय फरकाशी त्याचा संबंध आढळला आहे.

नावांच्या बाबतीत एक घोळ येथे नोंदवायला हवा. व्यापारात ‘अल्डिहाइड सी-१४’ म्हणून विकले जाणारे पीचच्या वासाचे आणि ‘अल्डिहाइड सी-१८’ म्हणून विकले जाणारे नारळाच्या वासाचे द्रव्य ही अल्डिहाइडे नाहीतच. ती लॅक्टोन या निराळ्या वर्गातली आहेत. कृतीची गुप्तता राखण्यासाठी दिलेली ही नावे पुढे रूढ झाली आणि आजही टिकून आहेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही द्रव्ये प्रयोगशाळेत बनवण्याच्या पद्धती विकसित झाल्या. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज दार्झां यांचे संशोधन त्यांत महत्त्वाचे ठरले. हूबिगांच्या ‘केल्क फ्लर’ या १९१२ मधील परफ्यूममध्ये रोबेर बिएनेमे यांनी अशा अल्डिहाइडाचा वापर केला होता आणि बो त्यापासून प्रभावित झाले होते. म्हणजे द्रव्य नवे नव्हते. नं. ५मध्ये नवी होती ती त्याची मात्रा. मुख्यतः दहा, अकरा आणि बारा कार्बनांच्या अल्डिहाइडांचे मिश्रण त्यात एकूण सुगंधद्रव्याच्या एक टक्क्याच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. हा आकडा लहान वाटतो. पण ही द्रव्ये हवेत अत्यल्प असली तरी नाकाला जाणवतात, त्यामुळे तेवढे प्रमाणही त्या काळाच्या मानाने भरपूर होते.

मात्रेविषयीच्या कथा

मदतनिसाने चुकून दहापट अल्डिहाइड ओतले आणि त्या चुकीतून नं. ५ जन्मले, ही गोष्ट वारंवार छापली जाते. ती रंजक असली तरी विश्वासार्ह नाही. बो यांनी स्वतः १९४६ मध्ये दिलेल्या व्याख्यानात निराळे कारण सांगितले होते. उत्तर ध्रुववृत्तापलीकडे लष्करी सेवेत असताना मध्यरात्रीच्या सूर्यप्रकाशात तेथील सरोवरांतून आणि नद्यांतून येणारा अतिशय ताजा वास आपल्या लक्षात राहिला आणि तोच आपण पकडू पाहिला, असे ते म्हणाले. सुरुवातीला मिळणारी अल्डिहाइडे अस्थिर होती आणि भरवशाची द्रव्ये मिळेपर्यंत आपल्याला खटपट करावी लागली, असेही त्यांनी नोंदवले.

तिसरा पुरावा रासायनिक आहे. फिलिप क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘राले नं. १’ आणि नं. ५ यांच्या जुन्या नमुन्यांची तुलना केली असता दोन्हींच्या रचनेत निकटचे साम्य आढळले. यावरून नं. ५ हे एका चुकीचे किंवा एका क्षणाच्या स्फूर्तीचे फळ नसून बो यांनी युद्धापूर्वी मॉस्कोत आरंभलेल्या रचनेचा पुढचा टप्पा होते, असा निष्कर्ष निघतो. ध्रुवप्रदेशाच्या आठवणीने त्या रचनेला वळण दिले असणे याच्याशी विसंगत नाही.

गंधाची रचना

अल्कोहोलवर आधारलेल्या परफ्यूममधील द्रव्ये वेगवेगळ्या गतीने उडतात, म्हणून त्याचा वास वेळेनुसार बदलतो. नं. ५ त्वचेवर लावल्यावर प्रथम अल्डिहाइडे आणि त्यांच्यासोबत संत्रवर्गीय फुलांचे नेरोली तेल, बर्गमॉट आणि लिंबू यांचा चमकदार, काहीसा धातूसारखा गंध येतो. त्यामागून फुले उमटतात: ग्रासची जाई, मे महिन्यात फुलणारा सेंटिफोलिया गुलाब, कोमोरो बेटांवरून येणारे इलांग-इलांग, आयरिसचे वाळवलेले कंद आणि लिली-ऑफ-द-व्हॅली. यांपैकी इलांग-इलांग हे सीताफळाच्या कुळातले झाड असून त्याच्या पिवळ्या फुलांचे तेल काढतात. लिली-ऑफ-द-व्हॅलीच्या फुलातून मात्र उपयुक्त अर्क निघत नाही. तिचा गंध हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल या कृत्रिम द्रव्याने उभा केला जातो. आयरिसचा कंद काढल्यावर काही वर्षे वाळवून ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्यात व्हायलेटसारखा गंध तयार होतो.

शेवटी उरतात ती तळाची द्रव्ये: चंदन, वाळा, व्हॅनिला आणि कस्तुरीवर्गीय पदार्थ. मूळ रचनेतील चंदन म्हैसूरचे होते. कन्नौजच्या परंपरेत चंदनाच्या तेलातच फुलांचा अर्क उतरवून अत्तर बनते आणि चंदन हे वाहक असते. येथे वाहकाचे काम अल्कोहोलकडे आहे आणि चंदन हा अनेक घटकांपैकी एक. अत्तर त्वचेला धरून राहते, तर नं. ५सारखे परफ्यूम लावणाऱ्याच्या भोवती पसरते, या फरकाचे एक मोठे कारण वाहकातील हा बदल होय. कस्तुरीसाठी बो यांनी नायट्रो कस्तुरी वापरल्या. हे कृत्रिम पदार्थ आल्बर्ट बाऊर यांना १८८८ मध्ये स्फोटकांवर संशोधन करताना योगायोगाने सापडले होते. जवादी मांजराच्या ग्रंथींतून मिळणारा प्राणिज पदार्थही मूळ कृतीत होता.

या सर्व घटकांत अल्डिहाइडांचे कार्य स्वतःचा वास देण्यापुरते नाही. जाईच्या अर्कात इंडोल हे द्रव्य असते आणि त्यामुळे तो दाट, जड, किंचित कुजकट झाकीचा असतो. गुलाब, इलांग-इलांग आणि व्हॅनिला यांची भर पडली की मिश्रण गुदमरवणारे होण्याचा धोका असतो. अल्डिहाइडे हा जडपणा उचलून धरतात आणि फुलांचा गंध दूरवर पसरवतात. पुरणात चिमूटभर मीठ घातल्यावर ते खारट लागत नाही, पण गोडी उठून येते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. परिणामी नं. ५मधून जाई किंवा गुलाब वेगळे ओळखता येत नाहीत. फुलांच्या एखाद्या ताटव्याची सर्वसाधारण कल्पना तेवढी जाणवते. म्हणूनच त्याला ‘अमूर्त’ सुगंध म्हटले जाते. फुलाचा वास आपल्याला नको, शिवलेल्या पोशाखासारखी रचलेली वस्तू हवी, अशी शनेल यांची भूमिका होती, आणि ती भूमिका या रचनेशी तंतोतंत जुळते.

आकर्षणाची मीमांसा

नं. ५च्या दीर्घ लोकप्रियतेचे स्पष्टीकरण देताना केवळ जाहिरातीकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण अपुरे आहे. पहिल्या काही वर्षांत कंपनीने त्याची फारशी जाहिरात केलीच नव्हती. त्याच्या गंधातच एक ताण आहे. वरचा थर साबणाचा, धुतलेल्या कापडाचा, गार हवेचा. खालचा थर कस्तुरीचा, जवादीचा, उबदार त्वचेचा. पूर्वी जे दोन वास दोन वेगळ्या प्रकारच्या स्त्रियांना वाटून दिले होते ते येथे एकमेकांवर टेकलेले आहेत, आणि तासाभरात पहिला विरत जाऊन दुसरा पुढे येतो. स्वच्छतेचा आणि देहाचा असा एकत्र निर्देश करणारा सुगंध १९२०च्या दशकातील नोकरी करणाऱ्या, केस आखूड कापणाऱ्या, कॉर्सेट टाकून दिलेल्या शहरी स्त्रीला आपला वाटला, हे समजण्यासारखे आहे.

याच गुणाचा पुढे तोटाही झाला. नं. ५च्या यशानंतर अल्डिहाइडयुक्त पुष्पगंधांची लाट आली: लाँव्हँचे ‘आर्पेज’ (१९२७), वर्थचे ‘ज रव्हियाँ’ (१९३२), ‘मादाम रोशा’ (१९६०), एर्मेसचे ‘कालेश’ (१९६१), ईव्ह साँ लोराँचे ‘रीव्ह गोश’ (१९७१), एस्टी लॉडरचे ‘व्हाइट लिनन’ (१९७८). त्याच सुमारास स्वस्त झालेली अल्डिहाइडे अंगाच्या साबणांत, पावडरींत आणि केसांच्या फवाऱ्यांत शिरली. परिणाम उलटा झाला. मुळात नं. ५मध्ये साबणाचा भास होता, तो पुढे प्रत्यक्ष साबणातून रोज भेटू लागला. आज ते प्रथमच हुंगणाऱ्या तरुण व्यक्तीला त्यात कल्पकता जाणवण्याऐवजी आजीच्या कपाटाची किंवा साबणाच्या वडीची आठवण होते, अशी प्रतिक्रिया नेहमी ऐकू येते. ही प्रतिक्रिया चुकीची म्हणता येणार नाही. गंधाचा अर्थ अनुभवावरून ठरतो, आणि शंभर वर्षांत या गंधाचे शेजारी बदलले आहेत. फळांच्या आणि साखरेच्या पाकाच्या वासाची परफ्यूमे १९९०च्या दशकानंतर प्रचलित झाल्यामुळे गोड नसलेला हा पुष्पगंध नव्या नाकाला परका वाटतो.

जाणकार मात्र या परकेपणातच त्याचे मूल्य पाहतात. शिकाऊ सुगंधकारांना ज्या जुन्या रचनांचा अभ्यास करावा लागतो, त्यांत नं. ५ येते, कारण अल्डिहाइडे काढून टाकली तर उरलेली फुले कशी कोसळतात हे त्यावरून स्पष्ट दाखवता येते.

कुपी

परफ्यूमच्या कुप्या नक्षीदार असण्याच्या काळात नं. ५ची कुपी साधी, चौकोनी आणि पारदर्शक होती. तिच्यावर काळ्या अक्षरांतील पांढरी चिठ्ठी एवढीच सजावट. ही आकृती व्हिस्कीच्या सुरईवरून किंवा पुरुषांच्या प्रसाधनाच्या बाटल्यांवरून सुचली असे सांगतात. मूळ कुपीच्या कडा गोलसर होत्या आणि काच नाजूक होती. १९२४ मध्ये जाड काचेची, तिरप्या कापलेल्या कडांची कुपी आली आणि बुचाला अष्टकोनी पैलू दिले गेले. तो आकार पॅरिसच्या प्लास व्हाँदोम या चौकाची आठवण करून देतो. त्यानंतर बुचाची जाडी अनेकदा बदलली, तरी एकूण रूप कायम राहिले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५९ मधील वेष्टनांच्या प्रदर्शनात तिचा समावेश केला होता. अँडी वॉरहॉल यांनी १९८५ च्या जाहिरातींवरील मुद्राचित्रमालेत तिची जाहिरात वापरली.

मालकीचा वाद

परफ्यूम आपल्या दुकानापलीकडे नेण्यासाठी शनेल यांना भांडवल आणि कारखाना हवा होता. १९२४ मध्ये ‘पार्फ्यूम शनेल’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. बूर्झ्वा या प्रसाधन कंपनीचे मालक पिएर आणि पोल व्हेर्थायमर या बंधूंना ७० टक्के, मध्यस्थी करणारे गालेरी लाफायेत या भांडारगृहाचे तेओफिल बादेर यांना २० टक्के आणि शनेल यांना अवघा १० टक्के वाटा मिळाला. हा करार त्यांनी स्वतःच मान्य केला होता. परंतु खप वाढत गेला तशी आपण फसवले गेलो ही त्यांची भावनाही वाढत गेली आणि अनेक वर्षे खटले चालू राहिले.

दुसऱ्या महायुद्धात या वादाने काळे वळण घेतले. व्हेर्थायमर कुटुंब ज्यू होते आणि १९४० मध्ये त्यांना अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये ज्यूंच्या मालमत्ता हिरावून घेण्याचे कायदे लागू होते. ५ मे १९४१ रोजी शनेल यांनी प्रशासनाला पत्र लिहून, ही कंपनी ज्यूंची मालमत्ता असून मालकांनी ती सोडून दिलेली असल्याने आपल्याला मिळावी, असा दावा केला. तो फसला, कारण व्हेर्थायमर बंधूंनी संकट ओळखून कंपनी आधीच फेलिक्स आमियो या ख्रिस्ती विमान-उद्योजकाच्या नावे केली होती. युद्ध संपल्यावर आमियो यांनी ती परत केली. जर्मन अधिकारी हान्स ग्युंथर फॉन डिंकलागे यांच्याशी शनेल यांचे संबंध आणि जर्मन गुप्तचर विभागाच्या कागदपत्रांतील त्यांची नोंद हेही आता प्रकाशात आले आहे. नं. ५च्या शतकोत्सवी वर्णनांत हा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक या परफ्यूमची मालकी आज कोणाकडे आहे हे त्याशिवाय समजत नाही.

युद्धकाळात व्हेर्थायमर यांनी अमेरिकेत उत्पादन सुरू ठेवले आणि त्यासाठी ग्रासचा जाईचा अर्क गुप्तपणे बाहेर काढला. पॅरिसच्या मुक्ततेनंतर रू कांबों येथील दुकानापुढे अमेरिकी सैनिक नं. ५च्या कुप्यांसाठी रांगा लावून उभे राहिले. शनेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये ‘मादमोआझेल शनेल नं. १’ हे स्वतंत्र परफ्यूम तयार करून भागीदारांवर दबाव आणला. अखेर १९४७ मध्ये तडजोड होऊन जगभरातील विक्रीवर सुमारे दोन टक्के स्वामित्वधन त्यांना मिळू लागले. १९५४ मध्ये त्यांच्या फॅशनमधील पुनरागमनाला पैसा पुरवला तो याच पिएर व्हेर्थायमर यांनी. कंपनी आजही व्हेर्थायमर कुटुंबाकडे आहे.

जाहिरात आणि प्रतिमा

१९३७ मध्ये ‘हार्पर्स बझार’ मासिकातील जाहिरातीत शनेल स्वतः रिट्झ हॉटेलमधील आपल्या दालनात दिसल्या. छायाचित्र फ्रांस्वा कोलार यांचे होते. मात्र सर्वांत परिणामकारक प्रसिद्धी विकत घेतलेली नव्हती. झोपताना काय परिधान करता या प्रश्नावर मेरिलिन मन्रो यांनी नं. ५चे नाव घेतल्याचा किस्सा १९५०च्या दशकात पसरला, आणि १९६० मध्ये पत्रकार जॉर्ज बेलमाँ यांना दिलेल्या ध्वनिमुद्रित मुलाखतीत त्यांनी तो दुजोऱ्यासह सांगितला. कंपनीने हे ध्वनिमुद्रण २०१३ मध्ये जाहिरातीत वापरले.

१९७०च्या दशकात अमेरिकेत नं. ५ औषधांच्या दुकानांतही मिळू लागल्याने त्याची प्रतिष्ठा घसरली होती. १९७४ मध्ये कारभार हाती घेतलेल्या आलँ व्हेर्थायमर यांनी विक्रीची ठिकाणे कमी केली. कातरीन दनव्ह यांच्या जाहिराती, १९७९ मधील रिडली स्कॉट यांची चित्रफीत, नंतर कारोल बूके, निकोल किडमन, ओद्रे तोतू अशी परंपरा पुढे चालली. २०१२ मध्ये ब्रॅड पिट हे या परफ्यूमचा चेहरा बनलेले पहिले पुरुष ठरले. दर अमुक सेकंदांना एक कुपी विकली जाते असे विधान सर्रास आढळते, पण कंपनी उत्पादनवार विक्री जाहीर करत नसल्याने त्याला आधार नाही.

कृतीतील बदल

बो यांच्यानंतर आंरी रोबेर, १९७८ पासून झाक पोल्झ आणि २०१५ पासून त्यांचे पुत्र ओलिव्हिए पोल्झ हे कंपनीचे मुख्य सुगंधकार झाले. झाक पोल्झ यांनी १९८६ मध्ये ‘ओ द पार्फ्यूम’ हे रूप आणले, तर ओलिव्हिए पोल्झ यांचे अधिक हलके ‘लो’ २०१६ मध्ये आले. ही निरनिराळी रूपे म्हणजे एकाच द्रावणाची कमी-अधिक तीव्रता नव्हे. प्रत्येकाची रचना वेगळी आहे, आणि जाईचा भर सर्वांत अधिक मूळ ‘पार्फ्यूम’मध्येच आहे.

मूळ कृतीही जशीच्या तशी राहिलेली नाही. नायट्रो कस्तुरींपैकी काहींवर बंदी आली, काहींवर मर्यादा. जवादीचा नैसर्गिक अर्क विसाव्या शतकाच्या अखेरीस वगळून कृत्रिम पर्याय घेतला गेला. म्हैसूरचे चंदन दुर्मीळ झाले. हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल आणि खुद्द जाईचा अर्क यांच्या प्रमाणावर त्वचेच्या ॲलर्जीच्या कारणास्तव आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमांनी मर्यादा घातल्या. जुन्या कुप्या जमवणारे आणि नवे घेणारे यांच्यात ‘खरे नं. ५ कोणते’ हा वाद यावरूनच चालतो. जुन्या कुपीचा दाखलाही निर्णायक नसतो, कारण प्रकाश आणि हवा लागून सर्वांत आधी बिघडतात ती वरच्या थरातील द्रव्येच, आणि अल्डिहाइडे त्यांतच येतात.

ग्रासची फुले

तीस मिलिलिटरच्या ‘पार्फ्यूम’च्या कुपीत सुमारे एक हजार जाईची फुले आणि डझनभर मे-गुलाब असतात, असे कंपनी सांगते. जाईची तोडणी उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत, सकाळी ऊन चढण्यापूर्वी हातानेच होते. एका किलोत हजारो फुले लागत असल्याने मजुरी हाच मोठा खर्च असतो. विसाव्या शतकात ग्रासच्या परिसरातील शेते बंगल्यांखाली गेली आणि जाईच्या अर्काचे उत्पादन इजिप्त व भारताकडे, विशेषतः तमिळनाडूकडे, सरकले. ग्रासच्या जाईचा गंध निराळा असल्याने पुरवठा तुटू नये म्हणून कंपनीने १९८७ मध्ये पेगोमा येथील म्यूल या शेतकरी कुटुंबाशी दीर्घकालीन करार केला आणि अर्क काढण्याचा कारखाना शेतातच उभारला. ग्रास परिसरातील सुगंधविषयक कौशल्यांचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, द्रुतगती रेल्वेमार्गाचा पूल या शेतांवरून नेण्याच्या प्रस्तावाला कंपनीने जाहीर विरोध केला होता. पूल झाल्यास येथील फुलांचे काम थांबवावे लागेल, असे तिने कळवले होते.